सेलच्या अंगावरची अक्षरे

वडगाव मावळच्या बाजारपेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानात थोडा वेळ थांबले, की ही बोलाचाली हमखास कानावर पडते. "दोन सेल द्या." "कुठले?" "पेन्सिल." "जाड पेन्सिल की बारीक?" "रिमोटचे." "रिमोट कुठल्या कंपनीचा?" इथे गिऱ्हाईक अडते. मग दुकानदार दोन्ही आकाराचे सेल पुढे ठेवतो आणि अंदाजाने एक जोडी उचलली जाते. अंदाज चुकला, की ते आंदर मावळात किंवा पवन मावळात घरी पोहोचल्यावर कळते. दहा-वीस रुपयांच्या सेलसाठी पुन्हा एसटीने हेलपाटा.

हा हेलपाटा वाचवणारी माहिती सेलच्या अंगावरच छापलेली असते. पण एकाच सेलवर तीन-चार नावे असतात. ती निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या काळात आणि निरनिराळ्या कारणांनी पडलेली आहेत. ती कशी पडली हे क्रमाने पाहिले, की वाचताही येतात. त्यासाठी विजेचे शिक्षण लागत नाही. आपल्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून समोर ठेवा. अक्षरे बारीक असतात, तेव्हा चष्माही जवळ असू द्या.

आधी आत काय आहे ते पाहू. साध्या सेलवरचे रंगीत वेष्टण काढले, की खाली जस्ताची डबी असते. डबीच्या मधोमध कोळशाची काळी कांडी उभी असते आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड नावाची काळी पूड ठासून भरलेली असते. पूड आणि जस्त यांच्यामध्ये क्षारांनी भिजवलेला कागद किंवा खळ असते. कांडीच्या डोक्यावरची पितळी रंगाची टोपी हे सेलचे धन टोक आणि डबीचे बूड हे ऋण टोक. ही दोन टोके घड्याळाच्या यंत्रातून जोडली गेली, की डबीचे जस्त आतून झिजू लागते आणि त्या झिजण्यातून वीज मिळते. लहानपणी संपलेला सेल दगडाने फोडून ती कांडी काढलेली आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

विजेला पुढे ढकलणारा जो दाब असतो, तो व्होल्टमध्ये मोजतात. सेलचा दाब आत कोणते पदार्थ आहेत यावर ठरतो, डबी केवढी आहे यावर नाही. म्हणून टॉर्चचा मनगटाएवढा सेल आणि रिमोटचा करंगळीएवढा सेल, दोन्ही दीड व्होल्टचेच असतात. मोठ्या डबीत माल जास्त असतो, त्यामुळे तो सेल जास्त दिवस टिकतो आणि एका वेळी जास्त वीज देऊ शकतो. फरक एवढाच. आकारांच्या नावांचा सगळा घोळ समजायला ही एक गोष्ट पक्की असावी लागते.

सेल कोरडा झाला १८८६ मध्ये. त्याआधी १८६६ मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी बनवलेला सेल काचेच्या बरणीत असायचा आणि बरणीत पातळ द्रव असायचा. बरणी कलंडली की सांडायची, म्हणून तो एका जागी ठेवूनच वापरावा लागे. जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी द्रवाऐवजी खळीसारखा घट्ट लगदा वापरला आणि जस्ताचीच डबी केली. आता सेल आडवा, उलटा, कसाही धरता येऊ लागला. आपल्या हातातल्या लाल किंवा निळ्या सेलचा मूळ पुरुष हाच.

अमेरिकेत नॅशनल कार्बन कंपनीने १८९६ मध्ये लोकांना विकण्यासाठी पहिला मोठ्या प्रमाणावरचा कोरडा सेल काढला. त्याची उंची सहा इंच होती, म्हणून त्याचे नाव 'नंबर ६'. हे सर्वांत सरळ नाव. हँडल फिरवून लावायच्या जुन्या टेलिफोनमध्ये आणि दारावरच्या घंटीत हे सेल बसत. पण सहा इंची जाडजूड नळकांडे हातात धरून कोण हिंडणार?

हातात धरण्याची गरज टॉर्चने निर्माण केली. याच कंपनीने १८९८ मध्ये जो सेल काढला, तो आज आपण 'मोठा सेल' म्हणतो त्या आकाराचा होता. पुढच्याच वर्षी नळीच्या आकाराच्या टॉर्चचे पेटंट झाले. दोन-तीन सेल एकामागे एक नळीत घालायचे, पुढे बल्ब आणि भिंग. तेव्हाचे सेल आणि बल्ब दोन्ही इतके कमजोर होते, की उजेड सलग टिकत नसे. क्षणभर लावायचा, पायाखालची वाट पाहून घ्यायची आणि बंद करायचा. तरीही मुठीत मावणारा उजेड प्रथमच मिळाला. मोठ्या सेलचा व्यास ३४ मिलिमीटरच्या आसपास का, याचे उत्तर माणसाच्या मुठीत आहे.

त्यानंतर आकारांचे पेवच फुटले. जो कारखाना टॉर्च काढी, तो आपल्या टॉर्चपुरता सेलही काढी. अमेरिकन एव्हर रेडी कंपनीने १९०७ मध्ये बोटाएवढा बारीक सेल आणला. आजचा आपला पेन्सिल सेल तो हाच. १९११ मध्ये त्याहून बारीक आला. एका कंपनीचा सेल दुसऱ्या कंपनीच्या टॉर्चमध्ये बसेलच, याची खात्री कुणालाच नव्हती.

आपल्या मावळाचे त्या काळातले चित्र इथे सांगण्याजोगे आहे. मावळात पडणारा पाऊस वळवण, लोणावळा आणि शिरोटा इथल्या तलावांत साठवून टाटांनी तो घाटाखाली खोपोलीला सोडला आणि १९१५ मध्ये तिथले वीजकेंद्र सुरू झाले. ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. ज्यांच्या डोंगरावरचे ते पाणी, त्या गावांना पुढे कित्येक वर्षे कंदील आणि बॅटरीचाच आधार राहिला. टॉर्चला आपल्याकडे बॅटरी म्हणतात, ते या काळापासून अंगवळणी पडलेले. भाताला रात्री पाणी धरायला जाणारा माणूस बॅटरी घेऊनच निघे. त्यामुळे मोठा सेल इथे पेन्सिल सेलच्या फार आधी घरोघरी ओळखीचा होता.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत सरकार आणि कारखानदार यांनी आकार एकसारखे करायला घेतले, आणि १९२४ मध्ये नावांसाठी बैठक झाली. ठरले ते असे: लहानापासून मोठ्याकडे जायचे आणि वर्णमालेच्या क्रमाने इंग्रजी अक्षरे द्यायची. सर्वांत लहान ए, मग बी, मग सी आणि मग डी. आपला मोठा सेल म्हणजे डी. काही जुन्या ट्रान्झिस्टरांत आणि खेळण्यांत लागणारा मधला सेल म्हणजे सी.

यात एक अडचण होती. एपेक्षा लहान सेल बाजारात आधीपासून होते आणि एच्या आधी अक्षरच नाही. मग तेच अक्षर दोनदा लिहिले, त्याहून बारीक सेलसाठी तीनदा. अमेरिकेच्या अधिकृत प्रमाणकात एए १९४७ मध्ये आला आणि एएए १९५९ मध्ये.

सर्वांत जास्त लोक चुकतात ते इथेच. तीन ए म्हणजे जास्त ताकद, असे वाटते. आपण उलट लक्षात ठेवावे: ए जितके जास्त, तितका सेल बारीक. एए हा साडेचौदा मिलिमीटर जाड आणि सुमारे ५० मिलिमीटर लांब. एएए साडेदहा मिलिमीटर जाड आणि साडेचव्वेचाळीस लांब. भिंतीवरच्या घड्याळात बहुधा एए असतो. नव्या टीव्हीच्या रिमोटमध्ये बहुधा एएए असतात, पण जुन्या रिमोटमध्ये एए असत. म्हणून दुकानात 'रिमोटचा सेल' म्हणू नये, त्यातून काहीच ठरत नाही.

मग ए आणि बी गेले कुठे, हा प्रश्न येतोच. ते बंद झाले नाहीत, पण घरगुती वस्तूंनी ते फारसे वापरलेच नाहीत. त्यात आणखी एक गोंधळ जुन्या रेडिओने केला. ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्हची तार तापवायला एक कमी दाबाची बॅटरी लागे, तिला 'ए बॅटरी' म्हणत. बाकीच्या कामाला मोठ्या दाबाची, अनेकदा ९० व्होल्टची बॅटरी लागे, ती 'बी बॅटरी'. या ए आणि बीचा आकाराशी काही संबंध नव्हता, ती कामाची नावे होती. जुन्या रेडिओच्या पुठ्ठ्यावर किंवा माहितीपत्रकात 'बी बॅटरी ९० व्होल्ट' असे आढळले, तर सेलच्या आकाराशी गल्लत करू नका.

रेडिओचा विषय पुणे जिल्ह्याला जवळचा आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला, तो पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. वीज न पोहोचलेल्या गावात रेडिओ म्हणजे बॅटरीचा रेडिओ, आणि व्हॉल्व्हच्या रेडिओची ती बॅटरी जड आणि महाग. पुढे ट्रान्झिस्टर आला. तो टॉर्चच्याच मोठ्या सेलवर चाले. खेड्यापाड्यांत रेडिओ खऱ्या अर्थाने पोहोचला तो यामुळे, असे मला वाटते. टॉर्च आणि रेडिओ दोन्हींना एकच सेल चालू लागला, आणि तो किराणा दुकानातही मिळे.

आता भारतातल्या नावांकडे येऊ. आपल्याकडे सेल म्हटले की एव्हरेडी. कोलकात्यात १९३४ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी पुढे युनियन कार्बाइड इंडिया झाली. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडातली कंपनी ती हीच. त्यानंतर सेलचा धंदा दुसऱ्या मालकांकडे गेला आणि नाव पुन्हा एव्हरेडी झाले. मुंबईत धारावीला एस्ट्रेलाचा कारखाना होता. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या सहकार्याने निप्पो आणि नोव्हिनो निघाले. या कंपन्यांनी आपापल्या सवयीची नावे सेलवर छापली आणि ती आजही दिसतात.

लाल एव्हरेडीच्या पेन्सिल सेलवर १०१५ छापलेले असते. अनेकांना ती ताकद वाटते. पण तो कंपनीच्या यादीतला क्रमांक आहे. त्याचे शेवटचे दोन आकडे तेवढे पाहा: ५० म्हणजे डी, ३५ म्हणजे सी, १५ म्हणजे एए, १२ म्हणजे एएए. अमेरिकेत याच कंपनीच्या यादीत ९५०, ९३५, ९१५, ९१२ असे क्रमांक होते. भारतात १०५०, १०१५, १०१२ रुळले. सुरुवातीचे आकडे सेलचा प्रकार सांगतात, शेवटचे दोन आकार सांगतात. पण ही एकाच घराण्याची पद्धत आहे. दुसऱ्या कंपनीच्या सेलवर ती लावू नये.

काही सेलवर दिसणारे यूएम-३ हे नाव जपानचे. तिथे आकारांना मोठ्यापासून लहानाकडे क्रमांक दिले: यूएम-१ म्हणजे डी, यूएम-२ म्हणजे सी, यूएम-३ म्हणजे एए, यूएम-४ म्हणजे एएए. अमेरिकेने लहानापासून सुरुवात केली होती, जपानने मोठ्यापासून. अल्कलाइन सेल असेल तर यूएमऐवजी एएम लिहितात. खेळण्याच्या झाकणावर '३ × यूएम-३' असे दिसले, तर तीन पेन्सिल सेल घ्यावेत.

सगळ्या देशांना चालेल अशी नावे आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. ती आज जवळपास प्रत्येक सेलवर असतात आणि नीट शिकायची तर हीच शिकावीत. डी म्हणजे आर२०, सी म्हणजे आर१४, एए म्हणजे आर६, एएए म्हणजे आर०३. आर म्हणजे गोल. पुढचा आकडा मिलिमीटर नाही आणि ताकदही नाही, तो फक्त यादीतला क्रमांक आहे. आर०३ मधले शून्य काढून आर३ वाचू नका, शून्य नावाचाच भाग आहे.

आरच्या आधी अक्षर आहे का, हे आता पाहा. या एका अक्षरावर पैसे वाचतात किंवा वाया जातात. आधी काहीच नसेल, नुसते आर६ असेल, तर तो जस्त-कोळशाचा साधा सेल. एलआर६ असेल तर अल्कलाइन. त्यात तीव्र अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ असतो आणि जस्त डबीऐवजी पुडीच्या रूपात आत भरलेले असते. एव्हरेडीच्याच प्रयोगशाळेत लुईस उरी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याला आजचे रूप दिले. तो साध्या सेलच्या कितीतरी पट टिकतो. एचआर६ असेल तर तो चार्ज करता येणारा निकेलचा सेल, आणि त्याचा दाब दीडऐवजी सव्वा व्होल्टच्या जरा खाली, म्हणजे १.२ व्होल्ट.

पूर्वी मावळात भात मापायला पायली, शेर आणि चिपटे होते. पायली म्हटल्याने किती ते कळे, पण मापात इंद्रायणी आहे की आंबेमोहोर ते वेगळे विचारावे लागे. एए हे असेच माप आहे. एए म्हणजे डबी केवढी, एवढेच. आत काय भरले आहे, हे पुढच्या-मागच्या अक्षरांतून वाचायचे.

मग कोणता कुठे घालावा? भिंतीवरचे घड्याळ आणि रिमोट थेंब-थेंब वीज घेतात. त्यांना साधा आर६ किंवा आर०३ पुरतो, तिथे महाग सेल घालून फार काही साधत नाही. बीपीचे यंत्र, मोटरचे खेळणे, फ्लॅशचा कॅमेरा आणि लोहगड-राजमाचीला रात्री चढताना कपाळावर बांधायचा टॉर्च एका वेळी भरपूर वीज ओढतात. साधा सेल तिथे काही मिनिटांतच दमतो. तो संपलेला नसतो, नुसता दमलेला असतो, म्हणून बाहेर काढून ठेवला तर थोड्या वेळाने पुन्हा चालतो. अशा यंत्रांना एलआर किंवा एचआर घ्यावा.

नावाच्या मागेही कधी एक अक्षर असते, जसे आर६पी. पी म्हणजे एका वेळी जास्त वीज देण्यासाठी केलेला सेल आणि सी म्हणजे जास्त काळ टिकण्यासाठी केलेला. साध्या सेलमधल्या या पोटजाती आहेत. 'हेवी ड्यूटी' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते तेही साधेच सेल, अल्कलाइन नव्हेत. या दोन शब्दांनी भल्याभल्यांची फसगत होते.

आता तारीख. सेल न वापरताही हळूहळू उतरतो. साधा सेल दोन-तीन वर्षे चांगला राहतो, अल्कलाइन पाच ते दहा. कधी बनवला आणि कधीपर्यंत वापरावा, ते महिना-वर्ष वेष्टणावर किंवा बुडाजवळ छापलेले असते. सोबत आयएसआयचे चिन्ह आहे ना, तेही पाहावे. साध्या सेलवर त्याखाली आयएस ८१४४ हा क्रमांक असतो. आठवडे बाजारात रस्त्यावर सुटे मिळणारे फार स्वस्त सेल घेताना हे दोन्ही तपासावे.

चौकोनी बॅटरीचे नाव सर्वांत गमतीदार, आणि एकदा कळले की सगळे सांगून टाकणारे. ९ व्होल्टची ही बॅटरी १९५६ मध्ये ट्रान्झिस्टर रेडिओसाठी निघाली. आज ती मल्टिमीटरमध्ये किंवा बिनतारी माइकमध्ये असते. तिच्यावर ६एफ२२ लिहिलेले असते. एफ म्हणजे चपटा, २२ हा चपट्या सेलचा क्रमांक, आणि सुरुवातीचा ६ म्हणजे असे सहा सेल आत एकावर एक रचलेले आहेत. सहा गुणिले दीड म्हणजे नऊ. एकटा तो सेल आणि अनेक सेल जोडून होते ती बॅटरी, हा भेद इथे डोळ्यांना दिसतो. ६एलआर६१ असे असेल तर आत सहा बारीक अल्कलाइन सेल उभे असतात. मतदान यंत्राचा बॅटरी संच साडेसात व्होल्टचा असतो. तिथेही दीडाचाच पाढा आहे.

आता बटण सेल. १९९० पासून आयईसीने नव्या गोल सेलना यादीतले क्रमांक देणे थांबवले आणि माप थेट नावातच घातले. त्यामुळे सीआर२०३२ हे नाव मोजपट्टीसारखे वाचता येते. सी म्हणजे लिथियमचा, आर म्हणजे गोल, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हा ३ व्होल्टचा असतो. वजनकाटा, साखर तपासायचे यंत्र आणि गाडीची किल्ली यांत तो लागतो. सीआर२०२५ असेल तर व्यास तोच, जाडी अडीच मिलिमीटर. तो २०३२ च्या जागी बसल्यासारखा वाटतो, पण पातळ असल्याने पत्रा नीट टेकत नाही आणि किल्ली कधी चालते, कधी नाही. खाली कागदाची घडी घालून काम भागवू नये, योग्य जाडीचाच आणावा.

एलआर४४ मात्र जुन्या यादीतला आहे. त्यातले ४४ हे माप नव्हे. तोच सेल बाजारात एजी१३ नावानेही मिळतो आणि तापमापीतला एलआर४१ हा एजी३ नावाने. त्याच आकाराचा एसआर४४ चांदीच्या संयुगाचा असतो, महाग पडतो आणि जास्त टिकतो.

घरात लहान मूल असेल तर इथे थोडे थांबा. नाण्यासारखा लिथियम सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला तडक दवाखान्यात न्यावे, ते बरे दिसत असले तरीही. खेळण्याच्या झाकणाला स्क्रू आहे ना, हे पाहूनच खेळणे घ्यावे आणि काढलेला सेल टेबलावर राहू देऊ नये.

अलीकडे मावळात ट्रेकिंग करणाऱ्यांच्या टॉर्चमध्ये १८६५० हा सेल दिसतो. इथेही माप नावातच आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. हा चार्ज होणारा लिथियमचा सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असतो. त्याचा धाकटा भाऊ १४५००, म्हणजे १४ मिलिमीटर जाड आणि ५० लांब. हे माप ओळखीचे वाटले ना? तो दिसायला जवळजवळ पेन्सिल सेलच असतो. ऑनलाइन मागवताना तो चुकून येतो आणि घड्याळात किंवा रिमोटमध्ये सहज बसतो. दाब मात्र दुपटीहून जास्त, यंत्र जळून जाते. चार्ज होणारा पेन्सिल सेल घेताना १.२ व्होल्ट लिहिलेले आहे का, हे वाचूनच पैसे द्यावेत.

सेल घालताना नेहमी होणारी चूक म्हणजे जुना आणि नवा एकत्र घालणे. चारपैकी एकच दमला म्हणून तेवढा बदलला, तर नवा सेल उरलेल्या जुन्यांवर जोर टाकतो. जुना सेल रिकामा झाल्यावरही त्यातून वीज ढकलली जाते आणि तो फुटतो किंवा गळतो. सगळे एकदम बदलावेत, एका कंपनीचे, एका प्रकारचे. साधा आणि अल्कलाइन एकत्र नको.

उतरलेले सेल पत्र्यावर उन्हात ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती अगदीच खोटी नाही. उबेने आतली प्रक्रिया थोडी वेगाने होते आणि मिळालेल्या विश्रांतीचाही उपयोग होतो, म्हणून रेडिओ आणखी थोडा वेळ वाजतो. दाताने सेल दाबला तरी आतली पूड कांडीला घट्ट टेकून क्षणभर चालतो. पण दोन्हींत झिजलेली डबी फुटण्याचा धोका आहे. साध्या सेलची डबी हेच त्याचे इंधन असते. सेल संपत येतो तेव्हा डबीला आतून भोके पडू लागलेली असतात.

गळलेला सेल कसा ओळखावा? घड्याळ उलटे करून सेलचे बूड पाहा. बुडाचा पत्रा फुगलेला असतो, कडेला चिकट ओल असते, आणि स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी खर जमलेली असते. पावसाळ्यात लोणावळ्यापासून वडगावपर्यंत हवा महिनोन् महिने ओली असते, तेव्हा स्प्रिंग गंजायला वेळ लागत नाही. सेल उघड्या हाताने काढू नका, कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. अल्कलाइन सेल असेल तर खरेवर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत, फसफस होऊन ती सुटते. साध्या सेलची गळती आम्लाची असते, तिला खायच्या सोड्याची पातळ पेस्ट लावावी. मग जुन्या टूथब्रशने घासून, ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळू द्यावे. स्प्रिंग चकचकीत झाल्याशिवाय नवा सेल घालू नये. बरेचदा 'घड्याळ बिघडले' म्हणून दुरुस्तीला येते, त्यात बिघडलेली असते ती ही स्प्रिंगच.

गणपतीत किंवा दिवाळीत काढायची, बाकी वर्षभर कपाटात असणारी दिव्यांची माळ किंवा खेळणे सेलसकट ठेवू नये. टॉर्च महिन्यातून एकदा उघडून पाहावा.

संपलेले सेल चुलीत टाकू नयेत, ते फुटतात. शेताच्या बांधावर किंवा ओढ्यातही नकोत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते ते याचसाठी. घरात एक कोरडा प्लॅस्टिकचा डबा ठेवून त्यात सेल साठवावेत आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके शेजारी-शेजारी असतात आणि डब्यातल्या दुसऱ्या सेलला टेकून ती तापू शकतात. ती आणि नाण्यासारखे लिथियम सेल डब्यात टाकण्याआधी त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी.